अकरा फोडी

गुरुवारी संध्याकाळी सहाला निकाल लागला.
घरी नेट धड चालत नाही,
म्हणून मी वाचनालयाबाहेर बाबांच्या पिकअपमध्ये,
हीटर चालू, काचांवर आतून वाफ.
पडद्यावर आधी रंगीत कागदी फुलं उधळली,
मग अक्षरं आली.
पत्र तीनदा वाचलं. नाव माझंच होतं,
एलोडी पेलेटियर, एकही अक्षर न चुकता,
जे आमच्या पोस्टालाही कधी जमलं नाही.

पार्किंगमध्ये आणखी एकच गाडी होती,
जोसेटच्या आईची, मागचा दिवा फुटलेली.
तिच्याही काचांवर वाफ.
मी हॉर्न वाजवला नाही.
तिनंही नाही.
आधी ती गेली.

शुक्रवारी मुद्दाम जुनाच स्वेटर घातला,
बटाट्याच्या सुट्टीत कोपराला फाटलेला.
आमच्या मेन राज्यात, पार वरच्या टोकाला,
सप्टेंबरात शाळा बंद ठेवतात, पोरं शेतात वाकतात.
ठरवलं होतं, कुणाला सांगायचं नाही.
पण आईनं मावशीला सांगितलं,
मावशी शाळेच्या स्वयंपाकघरात सूप ढवळते,
आणि सूप उतू जायच्या आत बातमी उतू गेली.

दुसऱ्या तासाला भिंतीवरचा स्पीकर खरखरला :
आज जेवणात वाटाण्याचं सूप,
हॉकीचा संघ दोन-पाच असा हरला,
निळ्या हातमोज्यांची एक जोडी सापडली आहे,
आणि आपली एलोडी...
मुख्याध्यापकांचा आवाज चिरकला.
तेवीस जणांचा वर्ग. बाकं बडवली गेली.
चाळीस वर्षांत इथून कुणी गेलं नव्हतं म्हणे, तिकडे.
तिकडे म्हणताना सगळे दक्षिणेला बघतात,
जसं काही खिडकीतून दिसणारच आहे.

वेलन म्हणाला, "आता लॅटिनमध्ये बटाटे सोल."
सगळे हसले. मीही.
त्याला जूनपासून कागद गिरणीत रात्रपाळी आहे,
ती बातमी स्पीकरवर कुणी दिली नाही.
मार्गोनं मिठी मारली, जरा जास्तच वेळ.
"सुटलीस," कानात म्हणाली.
कशातून, ते मी विचारलं नाही.

मधल्या सुट्टीत जोसेट नेहमीच्या जागी.
पाचवीपासून ती एक संत्रं आणते, मी बिस्किटं.
साल एका लांब पट्टीत काढते ती, न तोडता.
आज तीनदा तुटली.
"पत्रात खरंच फुलं उडतात का गं?"
"हो. मूर्खासारखी."
"माझ्यात नव्हती. नुसताच मजकूर."

ऑक्टोबरात तिच्याच स्वयंपाकघरात बसून
आम्ही दोघींनी अर्ज भरले होते.
माझ्या निबंधातली ती एक ओळ,
थंडीनं उललेल्या बोटांची, मातीच्या वासाची,
तिनं सुचवलेली. "तू घे," म्हणाली होती,
"मला दुसरी सुचेल."
नंबर माझा लागला.
लागलं दोघींना.

अकरा फोडी निघाल्या.
जास्तीची फोड आळीपाळीनं, असा आमचा नियम.
काल माझी पाळी होती, आज तिची.
तिनं सहा माझ्याकडे सरकवल्या.
मी एक परत ठेवली.
तिनं ती टेबलाच्या मधोमध आणली आणि हात काढून घेतला.
आम्ही पाच-पाच खाल्ल्या,
बिया कागदी रुमालात गोळा केल्या,
सोमवारच्या गणिताबद्दल काहीतरी बोललो.

घंटा झाली तरी ती फोड तिथेच.
मावशी ओलं फडकं घेऊन आली,
उचलली, तोंडात टाकली.
"गोड आहे," म्हणाली,
आणि पुसत पुसत पुढच्या टेबलाकडे गेली.