माया

लातूरच्या डॉक्टरनं फाईल मिटली.
"गाठ गेली काका, रिपोर्ट स्वच्छ आहे."
मग पंख्याकडं बघून म्हणाला,
"नसा वाचवायचा प्रयत्न केला, पण
थोडं राहील तसंच. या वयात
आता काय करायचंय म्हणा."

बाहेर प्रयाग बसलेली. पिशवीत
गोळ्या, पॅडचं पुडकं, अर्धी भाकर.
अंबाजोगाईची गाडी लागली होती.

बेचाळीस वर्षं मंडी बाजारात
मी पुरुषांची मापं घेतली.
कंबर, सीट, मांडी. टेप आतून धरला की
पाटील असो, मास्तर असो,
सगळे छताकडं बघायचे.

उसवणं मला कळतं.
ब्लेड तिरपं धरून टाक्याटाक्यानं जावं लागतं,
तरी जुन्या कापडाला कुठंतरी लागतंच.
त्याचा राग नाही.
माझ्या धंद्यात दोन बोटं माया आत ठेवतात,
त्याच्या धंद्यात कापून नेतात. तेही कळलं.
पण गिऱ्हाइकाला मी आधी विचारायचो,
इथं खूण राहील, चालेल का?
माझ्या सहीच्या वर इंग्रजीत होतं म्हणे सगळं.

खोकला आला की भिजतं,
म्हणून लेंग्याला मीच आतून एक थर लावला.
दोस्त विचारतात, लघवी साफ होते का.
होते.
त्याच्या पलीकडचं कुणी विचारत नाही.
शिव्यांत मात्र सगळं तिथंच असतं.

गच्चीवर मी कडेला सरकून झोपायलो.
आधी एक हात, मग दोन.
प्रयागनं महिनाभर बघितलं.
काल म्हणाली, "माझं काही चुकलं का?"

उठून बसलो. तांब्यातलं पाणी प्यालो.
जे डॉक्टरनं पंख्याला सांगितलं
ते तिला सांगितलं.
मनात येतं, अंगात येत नाही.
मोरीत एकदा करून बघितलं,
थरथरलो, पण हात कोरडाच.

ती हसली नाही, रडली नाही.
"एवढंच होय? मला वाटलं
मीच म्हातारी दिसायले."

मग चटई ओढली तिनं.
बेंबीखालच्या व्रणावरून बोट फिरवलं,
शिवण तपासावी तसं.
"टाका मोठा घातलाय मेल्यानं.
तुम्ही बारीक घातला असता."

बोट तिथं थांबलं नाही.
काही झालं नाही.
बराच वेळ काही झालं नाही,
खाली कुणाची तरी मोटारसायकल आली, गेली,
आणि आम्ही दोघं जागेच.