मेन

स्टुलावर चढून घाडी वायरमन म्हणाला,
बत्तीसचा मेन आहे तुमचा.
गिझर नऊ, एसी आठ, इंडक्शन नऊ,
इस्त्री पाच, ओव्हन सहा...
बोटं पुरेनात त्याला.

लगेच पडत नाही हा.
थोडा वेळ सोसतो, तापतो,
मग पडतो.

मी म्हटलं, त्रेसष्टचा टाक ना.
तो हसला.
मीटररूमपासून चौथ्या मजल्यापर्यंत
वायर सहाचीच येते, ताई.
खटका मोठा केला म्हणून
ती जाड होत नाही. भिंतीत जळेल,
आणि तुम्हाला वास येईपर्यंत –
पुढचं त्यानं टेस्टरसोबत
खिशात घातलं.

तेव्हापासून घरात आरोळीची रीत पडली.
"इस्त्री लावतेय!"
मोरीतून सासूबाई, "थांब गं, केस धुतेय!"
आतून निमिष, "एसी बंद केला, लाव."

सासूबाई गेल्या. निमिष हैदराबादला.
बिलावर मंजूर भार
तोच छापून येतो.

आज कन्नमवार नगरच्या त्याच खोलीत
इस्त्रीची पिन हातात धरून
मी ओरडले, "लावू का?"

भिंतीपलीकडून लोखंडेबाई:
"लावा की!
विचारताय कुणाला?"