जिल्हा

बिलावर जिल्हा लिहायचा: ग्विनेद.
‘ग्व’पर्यंत हात बरोबर जातो,
पुढे सवयीनं ग्वाल्हेर होतं. खोडते.

तिकडे डोंगर, पाऊस, माणसांहून मेंढ्या जास्त
आणि पाटीचा काळा दगड. तोच,
ज्यावर लष्करच्या शाळेत मी थुंकीनं पुसून
पुन्हा पुन्हा ‘ग’ गिरवला.
त्यांच्या खाणी कधीच्या थांबल्या.
आता तिकीट काढून माणसं आत उतरतात,
डोक्यावर टोप, अंधार बघतात,
वर येऊन चहा पितात
आपल्या फरशीवर खुर्च्या मांडून.

घाटीगावची खाणही गेल्या साली मिटली.
हिरवं पाणी साचलंय.
रतिरामचा पोरगा कड्यावरून उडी मारतो,
म्हशी मान वळवून बघतात.
तिकीट नाही.

शिरगावकर आतून विचारतात, झालं का?
शेवटचे बावीस टन.
जिल्हा लिहायचा राहिलाय.