नारळी पौर्णिमा, दुसरी पाळी

आज कारखाने बंद.
मार्कंडेयाचा रथ निघालाय पूर्व भागात,
घरचे सगळे तिकडे,
आणि मी अक्कलकोट रोडला टाकीच्या कठड्याशी
दहा किलो गूळ फोडत बसलेय.

वॉचमन कोळेकर दरवर्षी विचारतो, कुणाला एवढा?
आतल्यांना, मी सांगते.
दोन दिवस रंगाचं पाणी नाही.
उपाशी राहिली की एकमेकांना खातात.
"मग आपल्यातलीच की," म्हणतो,
आणि ढेप धरायला खाली बसतो.

एरवी पाणीच सांगतं कुठली ऑर्डर चालू आहे.
मरून आलं की हॉटेलचे टॉवेल.
काळं आलं की चादरीचे काठ.
पण रंग तरी दिसतो.
खळ, साबण, कसलीकसली आम्लं
विरघळून गप्प बसलेली असतात.
जाळीला अडकत नाहीत, तळाला बसत नाहीत.
ती कुणीतरी खाऊनच संपवावी लागतात.

मार्चमध्ये कुणीतरी रात्रीचं ब्लीच सोडलं.
सकाळी टाकीवर पांढरा फेस, कठड्याच्या वर.
काचेखाली थेंब ठेवला,
काहीच हलत नव्हतं.
यल्लप्पाच्या गोठ्यातून शेण आणलं, बादल्या मोजल्या नाहीत.
शेण, गूळ, युरिया, हवा.
ब्लोअर बंद पडला की माझाच श्वास अडकायचा.
बाविसाव्या दिवशी एक जण दिसला,
तोंडाशी इवलंसं चाक फिरवत,
जेवत होता.
फोन हातात घेतला.
सांगायचं कुणाला, सुचेना.

नायना डाईंगला होते, एकतीस वर्षं.
शेवटची आंघोळ घातली तेव्हाही नखं निळी होती.
त्यांच्या हौदाचं पाणी मागच्या मोरीतून जायचं,
कुठे जायचं, त्यांनी कधी वळून पाहिलं नाही.
वेळच नव्हता.
मी त्या मोरीच्या दुसऱ्या तोंडाशी
नोकरीला लागले.

गूळ विरघळला.
टाकीला आता तळघरातल्या मातीचा वास,
म्हणजे बरी आहेत.
काचेच्या नळकांड्यात लिटरभर भरून ठेवलं,
अर्ध्या तासानं गाळ तीनशेवर.
वरचं पाणी उजेडाला धरलं.
पलीकडचा कोळेकर दिसतो, त्याची शिट्टी दिसते,
पण सगळं किंचित गुलाबी.
तेवढं नाही जात.

साहेब म्हणतात, रजिस्टरात "स्वच्छ" लिहीत जा, येमुलबाई.
लांबून ढोल ऐकू येतोय.
मी तारीख टाकते, वेळ टाकते,
आणि लिहिते : फिकट.