पायी आलेलं

कबूतर पायी आलं.
उत्तरेश्वर पेठेतून गंगावेशीपर्यंत,
दुधाच्या किटल्यांना वळसा घालत,
म्हशींच्या खुरांमधून,
पायी.
दस्तगीर मुजावरनं ते टोपीत घालून
ठाण्यात आणलं.

मी फिर्याद लिहायला बसलो.
उजव्या पंखाची सात पिसं, कात्रीनं सरळ.
पायातली निळी कडी गायब, तिथं पिवळी.
"किंमत?"
जुन्या कलमात दहा रुपयांची अट होती,
त्याखालचा जीव कायद्याला दिसत नसे.
नव्यात अट गेली. माझ्या जिभेची सवय नाही गेली.
"सायेब, सांगलीत सोडलं की
च्या निवायच्या आत कौलावर असायचं."
हे कुठल्या रकान्यात लिहू?

"संशय कुणावर?"
बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"त्यानं तरी काय करावं.
पंख ठेवले असते, तर ते माझ्याकडंच आलं असतं,
हे त्येला ठाऊक हुतं."

तेवढ्यात कबूतर टोपीतून उठलं,
शिक्क्याच्या पॅडवरून
माझ्या कोऱ्या कागदावर,
कागदावरून खिडकीकडं
चालत.
जांभळी तीन बोटं. पुन्हा तीन बोटं.

मी कागद बदलला नाही.
"याच्याखाली सही कर," म्हटलं.