चिल्वाचा काठ

झोंबा जिल्हा कचेरी, दुसरा मजला.
मॉनिटरवर मे महिन्यातलं चिल्वा तळं.
मला त्याचा काठ काढायचाय.
क्लिक. क्लिक.
कुंपणाचे खांब रोवावेत तसे बिंदू रोवत जायचं,
मधली तार सॉफ्टवेअर आपणहून ताणतं.

पण काठ कुठाय?
पाणी विरतं तिथं लव्हाळी,
लव्हाळी विरळ होतात तिथं चिखल,
चिखल धरतो तिथं कुणीतरी भात लावलेला.
आणखी जवळ गेलं की तळंच उरत नाही,
नुसते चौकोन:
हिरवा, करडा, करडा, हिरवा.
यातला पाण्याचा कोणता,
ते त्या चौकोनालाही सांगता यायचं नाही.

साहेब म्हणाले, न्दाझिओना,
एकच रेघ हवी.

एकशे बाराव्या बिंदूवर वीज गेली.

दुपारी पुन्हा पहिल्यापासून काढला.
मग कळलं, सकाळचाही वाचलाय कुठल्याशा फाईलीत.
एकावर एक ठेवून पाहिले दोन्ही काठ.
चित्र तेच, हात माझाच,
तरी जुळत नव्हते.
मधे कापलेल्या नखांसारखे तुकडे,
आणि त्यातल्या एका नखात
मोजली मी, एकेचाळीस छपरं.
सकाळी ती पाण्यात होती.

जाळ्याच्या परवान्यासाठी आलेले
नाखुम्वाआजोबा माझ्या खांद्यावरून वाकले.
माझं घर दाखव, म्हणाले.
त्यांचं घर लव्हाळ्याच्या तराफ्यावर,
गवती, एक खणाचं, तरंगतं.
त्यांनीच काचेवर बोट टेकवलं, इथं.
मी बिंदू दिला.
तक्त्यानं विचारलं, प्रकार:
इमारत, होडी, इतर.
ते म्हणाले, आणि दक्षिणेचा वारा
कुठल्या रकान्यात लिहितेस?
उद्या तो सुटला की मी इथं नाही.

मी 'इतर' निवडलं.
ते निघाले, दारातून परत वळले.
तळं आटलं त्या वर्षी
घर जमिनीला टेकलं होतं, म्हणाले.
बायकोला महिनाभर झोप नाही.
काही हलतच नाही म्हणायची,
मेल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी काठ पुरा केला.
शेवटचा बिंदू पहिल्याजवळ नेला
तसा तो आपोआप जाऊन चिकटला,
आतलं सगळं निळं झालं.
कुठला काठ ठेवला ते साहेबांनी विचारलं नाही.
दुपारचा ठेवला. का, मलाही ठाऊक नाही.

निघता निघता उत्तरेला एक बेट दिसलं,
चंदेरी, लहानसं, सकाळी कसं सुटलं कोण जाणे.
सात बिंदूंत गिरवलं.
मग नकाशा थोडा सरकवला,
तळं सरकलं,
बेटाभोवतीची माझी रेघ सरकली,
बेट मात्र जागच्या जागी.

नखानं खरवडून पाहिलं.
माशाचा खवला होता.