तीनशे मिलिग्राम

फेरारापासून अर्ध्या तासावर, एका प्रयोगशाळेत
ओर्नेल्ला मालागुती दोन पाकिटं उघडते.
दोन्हींत तीच पंजासारखी पानं, करवती काठांची,
तोच वास, लिंबाच्या सालीचा, जरासा मांजराचाही.
एकावर लिहिलंय : शेत, बर्गामिनी एरोस, दोन हेक्टर.
दुसऱ्यावर : गॅलरी, चौथा मजला, तीन कुंड्या.
नुसत्या डोळ्यांना कळत नाही.
तिच्याही नाही, एकवीस वर्षं झाली तरी.

यंत्राला कळतं.
ते सुईने थेंब ओढून घेतं
आणि कागदावर एक टेकडी काढतं.
बुटकी असेल तर दोर, तेल, विटा,
घोड्याखाली पसरायचा भुसा.
उंच असेल तर कॅराबिनिएरीचा मारेशाल्लो,
वकील, आणि आईला काय सांगायचं.

एकाच रोपाच्या माथ्यावर
कायद्याने असा भांग पाडलाय,
कंगव्याऐवजी दशांशचिन्ह धरून.

पूर्वी कधी, गवताळ पठारावर, नमद्याच्या तंबूत
घोडेस्वार तापल्या दगडांवर बिया टाकत
आणि धुरात हंबरत आनंदाने.
तो या रोपाचा लांबचा चुलता,
उन्हातला, बुटका, राळेने चिकट.
इथला भाऊ उंच वाढला, दाट पेरणीत, धुक्यात;
त्याच्या अंगात सगळा धागाच.
व्हेनिसच्या गोदीत त्याचे दोर वळले,
शिडं त्याचीच, आणि त्या शिडांखाली
खलाशी झिंगले ते वाइनने.

ओर्नेल्लाची आई दिर्चे अठ्ठ्याऐंशीची.
घरामागच्या तळ्यात तिने ऑगस्टभर
कानापाच्या पेंढ्या दगडांखाली बुडवल्यात,
कमरेएवढ्या कुजक्या पाण्यात, आठ-आठ दिवस.
तो वास रविवारी चर्चमध्येही अंगाला असे;
पोरं बाकावर सरकून बसत.
"नशा?" ती म्हणते, "पाठ मोडायची, तीच नशा."
लग्नात बारा चादरी आणल्या तिने,
पहिल्या वर्षी वहाणेच्या तळासारख्या खरखरीत,
तिसाव्या वर्षी मऊ, आणि
नवरा गेल्यावर सगळ्यांत मऊ.
मग नायलॉन आलं. तळ्यात आता कार्प मासे,
आणि कागदोपत्री त्या झाडाचं नाव
चोरांच्या यादीत.

टेकड्या आल्या.
गॅलरीतली अगदी ठेंगणी, शून्य पूर्णांक दोन.
म्हाताऱ्याने खरं सांगितलं होतं :
कॅनरीच्या दाण्यांतून पडलं, उगवलं,
पक्ष्याला सावली म्हणून राहू दिलं.
भांगेत तुळस म्हणतात ती अशी निघाली.
आणि एरोसचं शेत, प्रमाणित बियाण्याचं,
पोत्यावर सरकारी शिक्का असलेलं,
शून्य पूर्णांक त्रेसष्ट.
मर्यादा साठ.
जुलैत उष्णतेची लाट होती, रोप घाबरलं असेल.
रोपं घाबरली की राळ सोडतात.

तिने सुई धुतली. पुन्हा थेंब. पुन्हा टेकडी.
त्रेसष्ट.

रात्री तिने आईला विचारलं नाही, फक्त सांगितलं.
"म्हणजे किती?"
किलोमागे तीनशे मिलिग्राम जास्त, आई. चिमूटभर.
दिर्चे चादरीची घडी घालत होती,
टोकाला टोक, हनुवटीखाली मध्य धरून.
"चिमूटभर मीठ जास्त पडलं म्हणून
आम्ही पोलेंटा टाकून दिला नाही कधी."
मग थोड्या वेळाने,
"त्या पोराचं वय काय?"
सत्तावीस.
"हं."

सकाळी ओर्नेल्लाने अहवालावर सही केली,
आकडा होता तोच ठेवून.
खाली, जिथे शेरा लिहायची एकच ओळ असते,
लिहिलं : मोजमापात चूक असू शकते, अधिक-उणे चार.
हे खरंच असतं. दरवेळी असतं.
दरवेळी ती ओळ ती कोरी सोडायची.

हातांना अजून लिंबाचा वास होता.
साबणाने गेला नाही.